टिकलीखालचा दिवा

आमच्या गाडीचा आवाज मला फाट्यापासून ओळखू यायचा. भाकरी थापता थापता कळायचं, आता गाडी वळणावर आली, आता विहारापाशी, आता दारात. मग मी तव्यावरची भाकरी उलटायची आणि हात धुऊन पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, सात माणसं बसतील अशी ती गाडी. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जुनी घेतली होती. डोणगावच्या बाजाराला माणसं नेणं, लग्नाचं भाडं, बाळंतीण माहेरी पोचवणं, असं त्यांचं काम चालायचं. गाडीचा आवाज तेव्हा बारीक होता. फक्त मलाच ओळखू यावा एवढा.

आठवड्यातून दोनदा मात्र ती कुणाच्याच भाड्याला जात नव्हती. ते दिवस बाईंचे होते.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चारचौघांत बोलता येत नव्हतं. अजूनही फारसं येत नाही. दुकानात गेले तरी मी दुसऱ्यांच्या मागे उभी राहायची आणि माझी पाळी आली की जिभेवरचं नाव विसरायची. बाई माझ्या वतीने मागायच्या. मी चौथीपर्यंत शिकले, त्या शाळेतच गेल्या नाहीत, पण त्यांचा आवाज खणखणीत होता. जेठ, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, वारले तेव्हा शेजारच्या एका म्हातारीने त्यांना टिकली काढायला सांगितली. बाई म्हणाल्या, "ते गेले, माहं कपाळ नाई गेलं." तेव्हापासून त्या लाल टिकलीऐवजी काळी लावत, पण रोज लावत. मूलबाळ नाही. आमच्याच घरात, आमच्याच चुलीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. अंगावर सूज आली, अन्न नकोसं झालं, आणि चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता मशीनवर रक्त धुवावं लागेल, आणि ते धुणं थांबवता येणार नाही. बाईंनी विचारलं, "थांबवलं तं?" डॉक्टर मालकांकडे बघत राहिले. बाईंना त्यांचं उत्तर मिळालं.

मशीनच्या दिवशी आम्ही उजाडायच्या आत निघायचो. जाताना बाई पुढे बसत, मालकांच्या शेजारी, काच खाली करून. त्यांना रस्ता बघायला आवडायचा. कुणाचा हरभरा कसा आहे, कुणी संत्र्याची झाडं तोडली, हे सगळं त्या मेहकर येईपर्यंत मोठ्याने सांगायच्या. येताना त्यांच्यात बोलायचं बळ नसायचं. मशीनवरून उतरल्या की त्यांना थंडी वाजायची. मग त्या मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायच्या, मी त्यांच्या अंगावर शाल घालायची आणि मागच्या सगळ्या काचा बंद करायची. मालक पुढे एकटे, आपल्या बाजूची काच उघडी ठेवून.

चोरी झाली ती चिखलीतच, भर दिवसा. गाडी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका लिंबाच्या झाडाखाली उभी होती. आम्ही तिघं आत. दुपारी बाहेर आलो, बाईंना मागे झोपवलं, आणि मालकांनी चावी फिरवली. तो जो आवाज झाला, त्याने मी बाईंना कवटाळून धरलं. मला वाटलं काहीतरी फुटलं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली.

मालक खाली उतरून गाडीखाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "सायलेन्सर कापून नेला."

टपरीवाला हातातलं फडकं घेऊन आला. "अरे! ते दोघं जण तुमचे मिस्तरी नव्हते का?"

"कोणते दोघं?"

"खाली झोपून काम करू राह्यले होते ना! खाली पोतं गिंतं टाकून, आरामात. मले वाटलं, गाडीवाल्यानं मिस्तरी बोलावला. मी तं त्याईले चहा देल्ला राजा, दोन कट."

"पैसे तरी देल्ले का चहाचे?" मालकांनी विचारलं.

"देल्ले ना. वरून म्हणे, चहा मस्त हाय काका."

एवढ्या त्रासातही मागून बाईंच्या हसण्याचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, "चोर तरी इमानदार निघाले."

मला तेव्हा समजत नव्हतं की लोखंडाच्या नळीसाठी कुणी एवढी मेहनत का घेईल. टपरीवाल्यानेच सांगितलं. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये मातीसारखी दिसणारी एक जाळी असते, धूर साफ करण्यासाठी. तिच्यात महागडा धातू असतो. चोर बाकीची नळी फेकतात आणि ती माती विकतात. "या भागात लय चाललंय," तो म्हणाला, जणू एखाद्या पिकाबद्दल बोलावं तसं.

तक्रार दिली. त्याचं पुढे काही झालं नाही आणि होईल असं मालकांना वाटलंही नव्हतं. तसेच गर्जत आम्ही घरी आलो. रस्त्यावरची जनावरं बुजत होती. बाईंच्या दोन्ही कानांवर मी हात धरले होते.

डोणगावच्या मिस्तरीने दोन दिवसांत दुसरा पाइप लावून दिला. तो मालकांच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. अस्सल सायलेन्सर आमच्या आवाक्यातला नव्हता, आणि बाईंचा दिवस जवळ आला होता. मिस्तरीने साधी नळी वेल्डिंग करून बसवली. आत जाळी नाही, काही नाही. चोरांनी कापताना सेन्सरच्या वायरीही नेल्या होत्या. मिस्तरीने त्यांची तुटलेली टोकं चिकटपट्टीने गुंडाळली आणि वर बांधून टाकली.

मालकांनी विचारलं, "हा पिवळा दिवा काऊन पेटला?" स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या चित्राचा एक लहान दिवा लागला होता.

"तो आता पेटलेलाच राह्यते," मिस्तरी म्हणाला. "सेन्सर नाई ना. गाडीले वाटते काई बिघडलं. तिले वाटू दे. तू चालव."

मिस्तरीने आमचं वाईट चिंतलं नव्हतं हे मी लिहून ठेवलं पाहिजे. बाईंसाठी त्याने बाकीची कामं बाजूला ठेवली होती. आमच्याकडे तसंच चालतं. जे चालतंय ते चालू द्यायचं. पंप आवाज करत असला तरी पाणी येतंय ना, मग बघू.

गाडीचा आवाज आता साऱ्या गावाला ओळखू यायला लागला. फाट्यावर बसलेली माणसं मालकांना म्हणायची, "का बे, गाडी घेतली का ट्रॅक्टर?" कुणी म्हणायचं, "पाठीमागं नांगर बांध, पाऊण एकर होते येता येता." मालक हसून सोडून द्यायचे. पण गाडीला पेट्रोल जास्त लागायला लागलं आणि नळीच्या तोंडाशी काजळीसारखं काळं जमायला लागलं, तेव्हा ते एकटेच वाकून बघताना मी त्यांना पाहिलं होतं.

पिवळा दिवा बाईंना नकोसा झाला. पहाटेच्या अंधारात गाडीत तेवढाच उजेड असायचा. एकदा मेहकरच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा डोळा माह्याकडंच पाह्यते."

"तुमच्याकडं नाई वहिनी, माह्याकडं पाह्यते. मी त्याच्या समोर बसलो ना."

"नाई. तो आजाऱ्याकडं पाह्यते. दवाखान्यातल्या मशीनवर असाच दिवा हाय. तो पेटला का सिस्टर पळत येते." असं म्हणून त्यांनी आपल्या कपाळावरची काळी टिकली काढली, मालकांच्या हातांवरून वाकून त्या दिव्यावर बरोबर बसवली आणि अंगठ्याने दाबली. "झोप म्हणा आता."

आम्ही तिघंही हसलो. टिकली इतकी नेमकी बसली की मालकांनी नंतर ती कधी काढलीच नाही. उलट गाडीत नवीन कुणी बसलं की दाखवायचे, "आमच्या गाडीनंही टिकली लावली." मला तर ते बघून बरं वाटायचं. बाईंचं काहीतरी गाडीवर आहे, गाडी त्यांना सांभाळेल, असं काहीतरी माझ्या मनात यायचं. मी हे कुणाला बोलले नाही.

थंडी वाढली तशी बाईंची परतीची वाट अवघड होत गेली. आधीही मशीनवरून उतरल्यावर त्या थकायच्या, पण घरी येऊन दोन घास खायच्या. आता गाडीतच डोकं धरायच्या. मेहकरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक वाकडी बाभूळ आहे. तिथवर आलो की त्या माझा हात दाबायच्या, मी मालकांना हाक मारायची, आणि गाडी बाभळीपाशी थांबायची. बाई उतरून बुंध्याला हात टेकून ओकायच्या. मालक मागे बाटली घेऊन उभे राहायचे. बाईंना पाणी मोजकंच प्यायची परवानगी होती, म्हणून ती बाटली फक्त चूळ भरायला. त्या चूळ भरायच्या आणि पाण्याकडे बघत बाटली परत द्यायच्या.

दवाखान्यात विचारलं. तिथल्या सिस्टरने सांगितलं की काही जणांना मशीननंतर डोकं दुखतं, उलटी होते, त्या वेळ कमीजास्त करून बघतील. त्यांनी बघितलंही. पण बाभळीपाशी गाडी थांबतच राहिली. नंतर नंतर माझी हाक येण्याआधीच मालक ब्रेक दाबायला लागले.

माझंही डोकं दुखायचं. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कुणी दाबून धरल्यासारखं. मी सकाळपासून उपाशी असायची म्हणून असेल, असं मला वाटायचं. आजारी माणसाच्या शेजारी बसून आपलं डोकं दुखतं म्हणायचं कसं?

मध्ये एकदा मालकांना लग्नाचं भाडं आलं, नाही म्हणता येणार नाही असं. त्या दिवशी बाईंना मी एस.टी.ने नेलं. मी एकटी, दवाखान्यात जाऊन बोलायचं, या भीतीने मला रात्रभर झोप नव्हती. पण बाईंनीच सगळं निभावलं. येताना बसला गर्दी होती, खिडकीला काच नव्हती, आणि थंड वारा सरळ अंगावर येत होता. मी शाल दोघींवर ओढून घेतली. बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. बाभूळ आली आणि गेली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या उठल्याही नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "भाकर आहे का?" आणि अर्धी भाकरी खाल्ली.

"आज मशीन गुणाची निघाली," मालक रात्री म्हणाले. आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं.

पुढच्या खेपेला, आमच्या गाडीत, बाई बाभळीपाशी बसल्या त्या उठेनात. मालकांनी त्यांना उचलून आत ठेवलं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि त्या जेठांच्या नावाने हाका मारत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बऱ्या होत्या. दुपारी अंगणात उन्हाला बसल्या, तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन मला शेजारी बसवलं, मालकांनाही बोलावलं. शेंगा सोलता सोलताच म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी गाडी काढू नका."

"काऊन? दुसरं भाडं नाई घेतलं मी."

"घ्या भाडं. मी नाई येत आता. सोमवारी नाई अन् नंतरही नाई."

मालकांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले माईत हाय ना?"

"माईत हाय. दहा-पंधरा दिवस. सूज येईन, दम लागन, झोप लागन." त्या इतकं साधं बोलत होत्या की मला ऐकू येऊनही समजायला वेळ लागला. "मशीनवर चार तास मी पडून राह्यतो, त्याचं काई नाई. पण येतानी जे होते ते मले नाई सोसत. काल मी तुमच्या भावाले पाह्यलं त्या झाडाखाली. मले जगाचंय भाऊजी, असं नका समजू. पण असं नाई."

मालक उठून गेले. गोठ्यामागे जाऊन उभे राहिले. बाई माझ्याकडे वळल्या. "तू तरी काई बोल वं."

मी शेंगा सोलत राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती इतकी लहान होती की बोलायची लाज वाटत होती. एस.टी.ने आलो त्या दिवशी माझंही डोकं दुखलं नव्हतं. मी त्याही दिवशी उपाशीच होते.

रात्रभर मी ते मनात घोळवलं. मशीन बाईंना लावतात, मला नाही. मग माझं डोकं कशाने दुखतं?

सकाळी मालक गाडी पुसत होते. मी बादली भरून नेली आणि तिथेच उभी राहिले.

"काय वं?" ते म्हणाले.

"माहंही डोकं दुखते."

"मंग गोळी घे."

"आता नाई. गाडीत. येतानी. दर खेपीले."

ते पुसायचे थांबले. मी सगळं एका दमात सांगितलं, खाली बघत, बादलीच्या कडीशी बोलावं तसं. एस.टी.चा दिवस, अर्धी भाकरी, बंद काचा. सांगून झाल्यावर मला वाटलं आता ते हसतील. ते चिडले.

"म्हणजे गाडीनं वहिनी आजारी पडल्या? ज्या गाडीत मी त्याईले बसवून नेतो, त्या गाडीनं? मीही बसतो ना त्याच गाडीत! मले काऊन होत नाई?"

"तुमची काच उघडी असते."

"मोठी मिस्तरीण!" ते म्हणाले. फडकं त्यांनी बोनेटवर फेकलं आणि आत गेले. मी बादली तिथेच ठेवून चुलीकडे वळले. पण बोलून झालं होतं, ते आता परत घेता येत नव्हतं.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा तो मोठा आवाज आला. मला वाटलं रागाने निघाले कुठे तरी. बाहेर आले तर गाडी जागेवरच होती आणि पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. मालक मागे बसले होते, जिथे मी बसते तिथे, आणि सगळ्या काचा बंद होत्या. त्यांनी पायांवर बाईंची शाल घेतली होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी कडुलिंबाखाली उभी राहिले. गाडी थरथरत होती, खालून धूर निघून बाजूला पसरत होता. मी त्याआधी कधी ते नीट पाहिलंच नव्हतं. धूर पाठीमागून येत नव्हता. तो गाडीच्या पोटाखालून, मागच्या चाकाच्याही पुढून येत होता. बाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. "काय करू राह्यले हे?" मालक खाली मान घालून बसले होते. मग त्यांनी एक हात कपाळाला लावला. मी पुढे होऊन काचेवर थाप मारली. त्यांनी हाताने थांब म्हटलं. मी पुन्हा मारली, आणि तिसऱ्यांदा दारच ओढून उघडलं.

ते खाली उतरले, दोन पावलं चालले आणि झाडाला धरून बसले. डोळे लाल झाले होते. बऱ्याच वेळाने उठले, पुढचं दार उघडून आत वाकले आणि नखाने ती टिकली काढली. पिवळा दिवा तसाच पेटलेला होता. इतके महिने तो टिकलीखाली पेटलेलाच होता.

गाडी बंद करून ते ओसरीवर गेले, टिकली बाईंच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, मशीन नाई. गाडी होती."

बाईंनी टिकलीकडे पाहिलं. "मी झाकलं ते," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही कायचं झाकलं! मले दिसत नव्हतं का उघडं होतं तवा?" मालक त्यांच्या पुढ्यात खाली बसले. "सोमवारची एक खेप एस.टी.नं जाऊ. मी येतो संगं. गाडी दुरुस्त झाल्यावर एक खेप तिच्यात या. फक्त एक. मंग तुम्ही म्हणान तसं."

बाईंनी टिकली मुठीत धरली. मग म्हणाल्या, "एकच."

चिखलीच्या ज्या मिस्तरीकडे मालकांनी गाडी नेली, त्याच्याकडे गाडीशी जोडून बघायचं लहान यंत्र होतं. सोमवारी बाई मशीनवर असताना मालक मला तिकडे घेऊन गेले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मिस्तरी गाडीखालून बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, या गाडीत मागं बसते कोण?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "ही. अन् माही वहिनी."

"जिवंत हायेत म्हणा मंग." तो थट्टेच्या सुरात बोलला, पण हसला नाही. त्याने मालकांना खाली वाकवून दाखवलं. मीही वाकले. डोणगावला लावलेली नळी आखूड होती, मागच्या सीटच्या बरोबर खाली संपत होती. वेल्डिंगला चीर गेली होती. आणि वरच्या पत्र्यात एका भोकाचं रबरी बूच निघून पडलं होतं. "इथून धूर सरळ आत. वरून सेन्सर नाईत."

"त्या सेन्सरचं काम काय असते पण?" मालकांनी विचारलं.

"ऑक्सिजन सेन्सर हायेत ते. एक जाळीच्या आधी, एक नंतर. धुरात ऑक्सिजन किती उरला हे पाहून गाडी पेट्रोल कमीजास्त करते. सेन्सर नाई तं आंधळ्यावानी ओतत राह्यते. मंग असा कच्चा धूर. तुम्हाले वास येत असन तो पेट्रोलचा. पण ज्या गॅसनं माणूस झोपते अन् उठत नाई, त्याले वास नसते."

मालक तिथेच टायरवर बसले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा वाटला, पण चारचौघांत आम्ही तसं करत नाही. मी फक्त जवळ जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी एस.टी.त मालकांनी बाईंना हे सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "ऑक्सिजन तं मले लावते दवाखान्यात. गाडीलेही लागते का?" मग जरा थांबून, "मी त्या मशीनले किती शिव्या देल्ल्या रे बाबा."

जाळीचा सायलेन्सर आणि दोन्ही सेन्सर बसले. पैसे कुठून आले ते इथे लिहीत नाही. मिस्तरीने चावी फिरवून दाखवलं, दिवा एकदा पेटला आणि लगेच विझला. "असा विझला पाह्यजे," तो म्हणाला. "विझला नाई तं गाडी हलवायची नाई."

ती एक खेप गुरुवारची होती. पहाटे बाई पुढे बसल्या. मालकांनी चावी फिरवली, आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत होतो. पेटला. विझला. "हं," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. जाताना त्या हरभऱ्याबद्दल बोलल्या नाहीत. कुणीच काही बोललं नाही. गाडीचा आवाज पुन्हा बारीक झाला होता, त्यामुळे ते न बोलणं जास्तच ऐकू येत होतं.

दुपारी मशीनवरून उतरल्यावर त्यांना नेहमीसारखी थंडी वाजली. मी शाल घातली. काच लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला, चार बोटं उघडी ठेवली. बाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला नाही, त्यांना कळेल की मी तपासतेय म्हणून. आरशात मालकांचे डोळे दिसत होते. ते रस्ता कमी आणि आम्हाला जास्त बघत होते.

बाभूळ आली. गाडी हळू झाली, कडेला गेली आणि थांबली. मालक उतरले, बाटली घेतली, मागचं दार उघडलं.

बाईंनी डोळे उघडले. आधी मालकांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागच्या झाडाकडे. "काऊन थांबले भाऊजी?"

मालक तसेच उभे. बाटली हातात. त्यांच्या पायांनी सवयीने ब्रेक दाबला होता, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

"मले काई होत नाई," बाई म्हणाल्या. "डोकं जड हाय, पण ते थकल्याचं." त्या माझ्या आधाराने उठून बसल्या. बराच वेळ बाभळीकडे बघत राहिल्या. मी आणि मालक, आम्ही दोघंही ती एक गोष्ट ऐकायला थांबलो होतो, आणि ते त्यांना माहीत होतं.

"मशीनले आता नाई म्हणाचं असलं," त्या म्हणाल्या, "तं गाडीच्या नावानं म्हणता येत नाई. माह्याच मनानं म्हणा लागन."

मालकांनी मान खाली घातली. बाईंनी हात पुढे करून बाटली घेतली. चूळ भरली नाही. आज त्यांना किती पाणी चालणार होतं हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. त्यांनी तेवढाच एक घोट घेतला, तोंडात धरला, सावकाश गिळला आणि झाकण घट्ट लावून बाटली परत दिली.

"चला," त्या म्हणाल्या. "सोमवारी लवकर निघू. तो दिवा विझाले वेळ लागते."

त्याला वेळ लागत नव्हता. मालक पुढे जाऊन बसले, चावी फिरवली, आणि दिवा विझेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.